पावसाळ्यात पिवळ्या पडणाऱ्या काचा

पीएच.डी.च्या मुलाखतीत मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो माझ्या हातांबद्दल.

"तळहाताला घाम येतो का गं तुझ्या?"

मी गांगरले. आधीचे कितीतरी दिवस अर्धवाहकांची सूत्रं घोकून मी तिथे बसले होते आणि हा प्रश्न कुठल्याच पुस्तकात नव्हता. हाताला घाम तर येत होताच. मांडीवरच्या रुमालाची घडी ओली झाली होती.

"येतो," मी म्हणाले.

"मलाही येतो. म्हणजे दोघींनी आतून सुती आणि वरून रबरी, असे दुहेरी हातमोजे घालायचे. ओलावा हा आपला शत्रू आहे. बाकी काय ते शिकता येतं."

त्यानंतर त्यांनी भौतिकशास्त्रातले दोन-चार प्रश्न विचारले. एकाचं उत्तर मला आलं नाही, ते त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. दाखवता दाखवता त्या इतक्या रंगून गेल्या की मुलाखत माझी आहे हे आम्ही दोघीही विसरलो. बाहेर आले तेव्हा शिपायाने विचारलं, "झाली का निवड?" मला खरंच माहीत नव्हतं. त्याने खोलीकडे मान वळवली आणि म्हणाला, "दुसरं कुणी आलंच नाय, ताई."

कॉलेज खालापूर तालुक्यात, हमरस्त्यापासून जरा आत होतं. मी राहायचे कर्जतला, भिसेगावात. बाबा भिवपुरीच्या वीजघरात कामाला होते. माझं लहानपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलं. ते निवृत्त झाल्यावर आम्ही भिसेगावात छोटं घर बांधून राहायला आलो. एम.एस्सी. झाल्यावर मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि उरलेल्या वेळात संशोधनाच्या जागा शोधत होते. थिन फिल्म सोलर सेल, म्हणजे केसाहूनही कितीतरी पातळ थरांचे सौरघट, हा विषय मी ठरवला होता. मोठ्या संस्थांमध्ये त्याच्या जागा निघायच्या, मी परीक्षा द्यायचे, प्रतीक्षायादीत नाव लागायचं आणि तिथेच राहायचं. अशात कुणीतरी सांगितलं की खालापूरच्या कॉलेजला संशोधन केंद्राची मान्यता मिळाली आहे, आणि तिथे एक मॅडम परदेशातून येऊन बसल्या आहेत, पण त्यांना विद्यार्थीच मिळत नाही.

मॅडम मूळच्या खोपोलीच्या. बरीच वर्षं बाहेरच्या देशातल्या मोठ्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केलं होतं. आई एकटी पडली, अंथरुणाला खिळली, म्हणून त्या परत आल्या आणि घराजवळचं कॉलेज त्यांनी धरलं. हे मला त्यांनी कधी एका बैठकीत सांगितलं नाही. जेवणाच्या डब्यावर, प्लेट तापायची वाट बघताना, असं तुकड्यातुकड्याने कळत गेलं.

आमची प्रयोगशाळा म्हणजे वर्कशॉपच्या मागची सामान ठेवायची खोली होती. भिंतीला ऑइलचे डाग होते. एका टेबलावर काच गरगर फिरवणारं यंत्र, एक हॉटप्लेट, एक तराजू आणि वरच्या खिडकीला एसी. मॅडमनी पहिल्या दिवशी मला थर करायला शिकवला. नखाएवढ्या काचेवर पिवळ्या द्रावणाचा थेंब सोडायचा, यंत्र चालू करायचं, थेंब क्षणात पसरून दिसेनासा होतो. मग काच हॉटप्लेटवर ठेवायची. बघता बघता फिकट पिवळ्यातून गडद तपकिरी, जवळजवळ काळा रंग चढत जातो. या पदार्थाचं नाव पेरोव्स्काइट. त्या वेळी जगभर सगळे त्याच्याच मागे होते.

"बघ, बघ, आता," मॅडम हॉटप्लेटवर वाकून म्हणायच्या. शेकडो वेळा बघितलेली गोष्ट असूनही त्यांचा आवाज तसाच चढायचा. मला आजही थर काळा होताना दिसला की तो आवाज ऐकू येतो.

तो हिवाळा चांगला गेला. आमच्याकडे पौषात सकाळी माथेरानच्या डोंगरावरून गार, कोरडी हवा उतरते. मी खोपोलीच्या गाडीने जायचे, पुढे टमटम. त्या वेळी गाडीत फार कुणी नसायचं. एक-दोन शिक्षिका, दुधाच्या किटल्या घेतलेले लोक, आणि खिडकीतून पोपटी पडलेली वालाची शेतं. थर सुंदर येत होते. जानेवारीत आमचा पहिला पूर्ण सेल तयार झाला. मॅडमनी तो चिमट्यात धरला आणि आम्ही गच्चीवर धावत गेलो. मी मल्टिमीटरच्या तारा टेकवल्या. आकडा वर चढत चढत एक व्होल्टच्या जरा अलीकडे थांबला. मॅडमनी हाताने सावली केली, आकडा पडला. हात काढला, परत चढला. त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की खाली मैदानात क्रिकेट खेळणारी मुलं वर बघायला लागली.

"आता तू कर सावली," त्या म्हणाल्या. आम्ही आळीपाळीने तेच करत राहिलो. जेवायची वेळ टळून गेली.

घरी येऊन मी सांगितलं. बाबांनी पेपर बाजूला ठेवला.

"केवढी होती म्हणालीस काच?"

मी नख दाखवलं. ते हसले नाहीत. त्यांची सगळी नोकरी डोंगरावरून कोसळणाऱ्या पाण्याच्या आणि घरघरणाऱ्या यंत्रांच्या सोबतीत गेली होती. ते नखाकडे बघत म्हणाले, "आवाज काहीच नाही?"

"काहीच नाही."

"अजब आहे," ते म्हणाले आणि नंतर जेवताना पुन्हा एकदा स्वतःशीच, "अजब आहे."

मग जून आला.

खालापूर घाटाच्या पायथ्याशी आहे. तिथे पावसाळ्यात हवाच ओली असते. कपाटातली पुस्तकं फुगतात, चपलांना बुरशी येते. आमचे थर हॉटप्लेटवर नेहमीसारखे काळे व्हायचे, आम्ही हुश्श करायचो, आणि जेवून येईपर्यंत त्यांच्यावर पिवळे डाग उमटलेले असायचे. दुसऱ्या सकाळी पूर्ण काच हळदीसारखी पिवळी. पिवळा म्हणजे पदार्थ मोडला, आत फक्त शिशाचं संयुग उरलं. आम्ही एसी दिवसभर चालू ठेवला, दाराच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या. काही उपयोग झाला नाही. परदेशात मॅडम हे काम काचेच्या बंद पेटीत करायच्या, जिच्यात कोरडा वायू भरलेला असतो आणि बाहेरून मोज्यांत हात घालून काम करता येतं. तशी पेटी आमच्या कॉलेजला मिळणं शक्य नव्हतं.

घरी मी चिडचिड करायचे. आई एकदा वैतागून म्हणाली, "आमी पापड पावसाल्यात लाटतो का? तू बी नको लाटू. दिवाळीनंतर लाट तुझी ती फिलिम."

"आई, पापड नाहीयेत ते."

"नायत तर नायत. सुकायचं तर हायच ना?"

बाबा मात्र त्या पेटीबद्दल पुन्हा पुन्हा विचारू लागले. आत हवा कशी अडवतात, मोजे कसे बसवतात. एका रविवारी ते बाजारातून माशांची जुनी काचेची टाकी घेऊन आले. पडवीत ती आडवी ठेवली, उघड्या बाजूला लाकडी फळी बसवली, फळीला दोन गोल भोकं पाडली आणि त्यात कोपरापर्यंत येणारे रबरी मोजे पट्ट्यांनी आवळले. सगळ्या कडांना रबर चिकटवलं. आत ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या पुरचुंड्या ठेवायच्या असं आमचं ठरलं होतं. फट राहिली का ते बघायला बाबांनी आत उदबत्ती लावली. टाकी धुराने भरली आणि आम्ही दोघं चारही बाजूंनी नाक लावून बसलो.

"इथून येतोय," मी म्हणायचे.

"कुठून? दाव बोटानं."

ते तिथे रबराची आणखी एक पट्टी मारायचे. आई आतून ओरडली, "देवाला लावा ती उदबत्ती, माशाच्या टाकीला नको!" दुपारभर आमचं तेच चाललं होतं. बाबांच्या इतक्या शेजारी, एकाच गोष्टीत डोकं घालून, मी लहानपणानंतर बसले नव्हते. त्यांच्या शर्टाला उदबत्तीचा वास येत होता. माझी एम.एस्सी. झाल्यापासून त्यांनी माझ्या अभ्यासाबद्दल विचारणं बंद केलं होतं, आपल्याला कळणार नाही म्हणून. त्या दिवशी त्यांनी सगळं विचारलं. थर किती पातळ, आत वीज कशी तयार होते, ऊन कमी असेल तर काय होतं. मी सांगत गेले. काही कळलं, काही नाही, पण ते विचारत राहिले.

टाकी टेंपोत घालून आम्ही खालापूरला नेली. मॅडम तिच्याभोवती फिरल्या, मोज्यांत हात घालून बोटं हलवून बघितली आणि बाबांना म्हणाल्या, "काका, फारच छान झालंय हो." आत हॉटप्लेट ठेवली, सिलिका जेल ठेवलं, रात्रभर बंद राहू दिली. दुसऱ्या दिवशी आतली हवा खरंच कोरडी होती. मी मोज्यांतून काच उचलली, प्लेटवर ठेवली, थर काळा झाला. आणि काही वेळाने 'टक्' असा आवाज झाला. हॉटप्लेटच्या उष्णतेने टाकीची एक बाजू वरपासून खालपर्यंत तडकली होती.

बाबांना मी घरी जाऊन सांगितलं. ते पडवीत उभे होते. "काच जाड घ्यायला पायजे होती," एवढंच बोलले, आणि पाण्याची मोटर बघायला मागे गेले. पुढच्या रविवारी ते दुसरी टाकी शोधायला निघाले. जाड काचही अशीच तडकेल, म्हणून मॅडमनीच फोन करून त्यांना थांबवलं.

तो पावसाळा मॅडमना फार जड गेला. त्यांची आईही त्याच महिन्यांत थकत चालली होती. एकदा त्या खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या राहून म्हणाल्या, "तुला मी चुकीच्या जागी आणलं गं. इथे हा विषय होणार नाही. तू दुसरा मार्गदर्शक बघ. मी शब्द टाकते."

टेबलावर बिघडलेल्या काचा पसरल्या होत्या. टाकून द्यायच्या आधी शिसं असलेला कचरा वेगळा ठेवावा लागतो, म्हणून मी त्या बरणीत जमा करत होते. उचलता उचलता मला दिसलं की सगळ्या काचा सारख्या पिवळ्या पडलेल्या नाहीत. काहींचा पिवळेपणा कडेने आत सरकत होता. काहींवर तो मधूनच ठिपक्याठिपक्याने उगवला होता. आणि दोन काचा अशा होत्या की त्या अजून निम्म्या काळ्या होत्या. त्या दोन मी प्लेट सावकाश तापवून केल्या होत्या, कारण त्या दिवशी वीज सारखी येत-जात होती.

"मॅडम, ह्या सगळ्या वेगवेगळ्या तऱ्हेने मेल्यात," मी म्हणाले.

त्या वळल्या. काच उजेडात धरली. दुसरी धरली. मग चष्मा काढून, डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा बघितलं. मग खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "सगळं जग हे थर जगवायच्या मागे लागलंय. आपण ते मरतात कसे हे बघू या? ओली हवा तर आपल्याकडे फुकट आहे."

अशा तऱ्हेने माझ्या प्रबंधाचा विषय ठरला. ओल्या हवेत थर कुठून मोडायला लागतो, का मोडतो, आणि कसा तापवला तर जास्त टिकतो. हिवाळ्यात थर करायचे, पावसाळ्यात त्यांना उघड्यावर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मंग मी काय सांगत व्हते?" आणि तिने शेजारच्या काकूंनाही सांगितलं की लेकीला विषय आपणच काढून दिला. मी कधी तिला अडवलं नाही.

पुढची दोन वर्षं मला सगळ्यात जास्त आठवतात. मॅडम डब्यात वालाचं बिरडं आणायच्या, मी तांदळाची भाकरी न्यायचे. पाऊस पत्र्यावर इतका वाजायचा की आम्हाला ओरडून बोलावं लागायचं. थर बारीक स्फटिकांच्या दाण्यांचा असतो; पिवळी रेघ एका दाण्याच्या कडेवरून दुसऱ्यावर जाताना आम्ही आलटूनपालटून बघायचो. दाणे मोठे असले की रेघ अडखळायची. ती अडखळलेली रेघ पहिल्यांदा दिसली तेव्हा मॅडमनी माझा खांदा इतका घट्ट धरला की दुखलं.

मग दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. मॅडमची आई गेली. आणि कॉलेजने संशोधन केंद्र बंद करायचं ठरवलं, कारण प्रवेश कमी होत होते आणि केंद्रात विद्यार्थिनी तर मी एकटीच. मॅडमना वाळवंटाजवळच्या एका शहरातल्या मोठ्या संस्थेतून बोलावणं आलं. तिथे सगळी यंत्रं होती, मोज्यांची ती खरी पेटी, ग्लव्ह बॉक्स, होती, आणि बारा महिने कोरडी हवा.

"चल माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. "हवी तर जागा करून देतील ते."

मी आठवडाभर विचार केला. बाबांना त्या वर्षी हृदयाचा त्रास सुरू झाला होता, पण त्यांनी स्वतः माझी बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली. न जाण्याचं कारण वेगळंच होतं, आणि ते मला सांगायला संकोच वाटत होता. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "तिथे तुझा थर मरणारच नाही गं. मग तू बघशील काय?"

आम्ही दोघी हसायला लागलो आणि हसता हसता रडलो.

मग असं ठरलं की थर त्या तिकडे करतील, हिवाळ्यात मी जाऊन हातभार लावेन, आणि पावसाळ्याआधी ते चंदेरी पिशव्यांत हवाबंद होऊन माझ्याकडे येतील. प्राचार्यांनी जिन्याखालची एक छोटी खोली आणि जुना सूक्ष्मदर्शक माझ्यासाठी ठेवला. मॅडम निघाल्या त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर कर्जत स्टेशनपर्यंत गेले. बोलायचं खूप होतं, पण त्या फक्त सूचना देत राहिल्या. पिशवी कापताना कात्री कोरडी हवी. काच कडेने धर. गाडी हलल्यावरही खिडकीतून काहीतरी सांगत होत्या, ते मला ऐकू आलं नाही.

जिन्याखालच्या त्या खोलीत मी एकटीने दोन पावसाळे काढले. डोक्यावरून मुलांच्या पावलांचा धडधडाट व्हायचा आणि काच हलायची, म्हणून मी तास चालू असतानाच बघायचे. मॅडमचा फोन रोज यायचा. "आज काय मेलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. एकदा आमच्या घरी मी फोन स्पीकरवर ठेवला होता. ते ऐकून पाहुण्या म्हणून आलेल्या मावशी हातातला चहा तसाच धरून बघत राहिल्या.

प्रबंधाची तोंडी परीक्षा खुली होती, कुणीही येऊन बसू शकत होतं. मॅडम आदल्या दिवशी आल्या आणि आमच्याकडेच उतरल्या. आई नऊवारी नेसून पहिल्या रांगेत. बाबा तिच्या शेजारी, इस्त्रीच्या शर्टात, हात मांडीवर ठेवून. बाहेरून आलेले परीक्षक शांत, वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी खोलात जाऊन विचारलं, माझ्या एका आलेखातली उणीव दाखवली, ती मी मान्य केली. शेवटी ते श्रोत्यांकडे वळले. "कुणाला काही विचारायचं आहे?"

कुणीच काही विचारत नाही, ती नुसती रीत असते. पण बाबा उठले. आईने त्यांची बाही ओढली.

"ही काच," बाबा म्हणाले, "घराच्या पत्र्यावर लावली तर आमच्याकडचा पाऊस किती वर्षं काढंल?"

मला त्यांना काय म्हणावं कळेना. इतरांना मी सर म्हटलं होतं. "बाबा," मी म्हणाले, "नुसती उघडी लावली तर एक पावसाळाही नाही. वर काचेचं झाकण, कडा बंद, असं केलं तर जास्त. पण किती, ते अजून मला सांगता येत नाही."

"बरं," बाबा म्हणाले. "म्हंजे काम अजून हाय."

"आहे."

ते खाली बसले. परीक्षकांनी मान हलवली आणि कागदावर सही केली.

बाबा त्यानंतर चार वर्षांनी गेले. मला मधल्या काळात पनवेलजवळच्या एका कॉलेजात कायमची नोकरी लागली. आता मी स्वतः मार्गदर्शक आहे. माझ्याकडे जांभिवलीकडची एक मुलगी संशोधनाला आहे. तिचा विषय त्याच थरांच्या कडा बंद करण्याचा. आमच्या कॉलेजात ग्लव्ह बॉक्सही आली आहे, आणि ती मुलगी तिच्यात हात घालून गाणी म्हणत काम करते.

गेल्या डिसेंबरात मॅडम आल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, चालताना गुडघा धरायचा, पण आवाज तोच. म्हणाल्या, खालापूरला जाऊ. आम्ही रिक्षा करून गेलो. वर्कशॉपमागची खोली कॅन्टीनच्या ताब्यात गेली आहे. आत तांदळाची पोती आणि तेलाचे डबे. कॅन्टीनवाल्याने ओळखलं नाही, पण बसा म्हणाला, चहा आणून दिला. मॅडम एका पोत्याला टेकून बसल्या आणि भिंतीकडे बघत राहिल्या.

"हॉटप्लेट कुठे होती गं? इथे?"

"नाही. तिकडे, खिडकीखाली."

"हां. खिडकीखाली." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तुझ्या त्या मुलीला आणायचं होतंस आज."

"तिची मोजणी चालू आहे. सोडून येत नाही ती."

मॅडमना ते फार आवडलं. त्या मला तिच्याबद्दल विचारत राहिल्या, कशी बोलते, चुकली तर रडते का चिडते. मी सांगत होते. बाहेर कॅन्टीनमध्ये वडे तळायला सुरुवात झाली होती आणि मुलांचा घोळका दारात जमला होता. आम्हाला उठून त्यांना वाट करून द्यावी लागली.